एमटीबीवरून पहिल्या रोड बाईककडे: मापं, गिअर, टायर... सल्ला हवाय

रानवाट

मंडळी,

बरीच वर्षं हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाईक) चालवतेय. मातीच्या पायवाटा, मुळं, खडकाळ उतार, असलं सगळं. आता डांबरी रस्त्यावर लांब पल्ला मारायचं खूळ डोक्यात शिरलंय. सुट्टीच्या दिवशी ८०-१०० किमी, मधे एखादा दमदार चढ, एवढाच हेतू. शर्यतीत उतरायचं नाही. एमटीबी विकणार नाही, ती राहणारच.

सध्याची सायकल: २९ इंची चाकं, १२० मिमीचा सस्पेन्शन फोर्क, पुढे एकच ३२ दात्यांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), मागे १०-५१ कॅसेट (मागच्या चाकाची चक्रं, १० ते ५१ दात्यांची), ७६० मिमी रुंद हँडल, ड्रॉपर पोस्ट (चालवताना सीट खाली-वर करणारी).

अडलंय ते मापात. माझ्या एमटीबीचा रीच ४५० मिमी आहे. जी रोड बाईक डोळ्यात भरलीय तिचा ३८०. कागदावर ती सात सेंटीमीटर आखूड दिसते. प्रत्यक्ष बसले तर उलटंच, हात ताणून हूड्स (ब्रेक लिव्हरच्या बुडाशी असलेली रबरी पकड) गाठावे लागत होते. दुकानदार म्हणाला, "सवय होईल." सवय मला होईल की माझ्या मानेला, हे काही त्याने सांगितलं नाही.

बाकीचे प्रश्न: एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याची, आरामात बसायची) की रेस (वाकून बसायची)? पुढे दोन चेनरिंग खरंच लागतात का? टायर किती रुंद? आणि या सगळ्यात कार्बन की अॅल्युमिनियम हा प्रश्न नेमका कितव्या नंबरवर येतो? कारण ज्याला विचारावं तो सुरुवात तिथूनच करतो.

---

उलटावारा

ग्रॅव्हल बाईक घे. विषय संपला.

---

खोगीर

उलटावारा, विषय आत्ता कुठे सुरू झालाय. :)

रानवाट, आधी मापाचं घेऊ, कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं, फ्रेमचा साईज बदलता येत नाही.

रीच म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (पेडल ज्यावर फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या, हँडलखालच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. त्यात स्टेम (फोर्क आणि हँडल जोडणारा तुकडा) नाही, हँडल नाही, सीटचा तर संबंधच नाही. पेडलवर उभं राहिल्यावर सायकल किती लांब वाटेल ते हा आकडा सांगतो. एमटीबी उतारावर उभ्यानेच चालवतो, म्हणून तिकडे तो कामाचा. रोडवर तू तासन् तास बसलेली असणार.

आता बेरीज कर. तुझ्या एमटीबीचा स्टेम ४५ मिमीच्या आसपास असेल. ४५० अधिक ४५ म्हणजे ४९५, आणि हात तिथेच, हँडलच्या नळीवर. रोडवर ३८० अधिक १०० चा स्टेम म्हणजे ४८०. पण ड्रॉप बारवर (रोड बाईकच्या खाली वळलेल्या हँडलवर) हात नळीवर नसतात, पुढे हूड्सवर असतात. बार स्वतः पुढे ७०-८० मिमी जातो. झाले ५५०-५६०. म्हणजे हातच साधारण सहा सेंटीमीटर पुढे गेले.

आता सीट. हल्लीच्या एमटीबीचा सीट ट्यूबचा कोन ७६ अंशांच्या आसपास असतो, रोड बाईकचा ७३-७४. सीटची उंची ७०० मिमी धरली तर ७६ अंशाला सीट बॉटम ब्रॅकेटच्या मागे साधारण १७० मिमी पडते, साडेत्र्याहत्तरला २०० मिमी. म्हणजे बूड आणखी तीन सेंटीमीटर मागे. हात पुढे, बूड मागे. सात सेंटीमीटर आखूड दिसणारी सायकल बसल्यावर साधारण नऊ सेंटीमीटर लांब लागली ती अशी. तुझं अंग बरोबर सांगत होतं.

तेव्हा एमटीबीचा रीच आणि रोडचा रीच शेजारी शेजारी मांडूच नकोस. एमटीबी 'मीडियम' आहे म्हणून रोडही 'मीडियम' हेही धरून चालू नकोस.

---

रानवाट

खोगीर, दंडवत घ्या. गेला आठवडाभर हाच आकडा घेऊन बसले होते. मग बघायचं तरी काय?

---

खोगीर

स्टॅक. बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या टोकापर्यंतची उभी उंची. दोन रोड बाईकची तुलना करताना स्टॅक आणि रीच दोन्ही बघायचे, आणि स्टॅक आधी.

मधल्या साईजच्या रेस फ्रेमचा स्टॅक साधारण ५४०-५४५ आणि रीच ३८५-३९० असतो. एन्ड्युरन्समधे स्टॅक ५६५-५७५, रीच ३७५-३८०. स्टॅकला रीचने भाग, रेसमधे १.४ च्या आसपास येईल, एन्ड्युरन्समधे १.५ किंवा थोडा जास्त. तुझ्या एमटीबीचा स्टॅक सहाशेच्या वर असणार, त्यावर थोडं उचललेलं हँडल. तिथून थेट ५४० वर उतरणं म्हणजे कंबर, मान आणि तळहात या तिघांची एकदम परीक्षा.

रेस फ्रेमवर स्पेसर (स्टेमखालच्या कड्या) रचून उंची वाढवता येते, पण दोन अडचणी. फोर्कची नळी आधीच कापलेली असेल तर वाढवायला जागाच नसते. आणि कार्बन नळीवर स्पेसर किती लावायचे याला उत्पादकाने मर्यादा घातलेली असते. उलट एन्ड्युरन्स फ्रेमवरचे स्पेसर काढून हात खाली नेणं पाच मिनिटांचं काम. (तेलकट_बोटं आता येईल आणि "पाच मिनिटं?" म्हणून हसेल.)

---

तेलकट_बोटं

आलो. आणि हसतोय.

पाच मिनिटांत व्हायचं ते पूर्वी. आता केबल आणि ब्रेकचे होस हँडलमधून, स्टेमखालून, हेडसेटच्या (हेड ट्यूबमधल्या, फोर्क फिरतो त्या जोडाच्या) बेअरिंगमधून फ्रेममधे शिरतात. दिसायला एकदम स्वच्छ. पण वरचा हेडसेट बेअरिंग बदलायचा तर बऱ्याच मॉडेलवर होस सोडावा लागतो, म्हणजे ब्रेक पुन्हा ब्लीड करणं (आतली हवा काढणं) आलं. मातीतून आल्यावर एमटीबीचा हेडसेट उघडून पुसून ग्रीस लावायची सवय असेल तर इथे ती महागात पडेल. पहिल्या रोड बाईकवर, जिथे स्टेम दोन-तीनदा बदलण्याची शक्यता असते, मी बाहेरून किंवा डाउन ट्यूबमधून केबल जाणारी फ्रेम डोळे झाकून निवडेन. ही गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही आणि माझ्याकडे दर आठवड्याला कुणीतरी त्यावरून चिडलेलं येतं.

उलटावारा, ग्रॅव्हलचं सांगशील का जरा सविस्तर? एका ओळीत निकाल देऊन पळून गेलास.

---

उलटावारा

पळालो नव्हतो, सायकल चालवत होतो.

सांगतो. ४० मिमी टायर बसतात, पुढे ४६/३० दात्यांची जोडी मिळते, स्टॅक उंच, हँडल खाली पसरट. एमटीबीवाल्याला पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं. रस्ता संपला तरी सायकल थांबत नाही. दोन चाकांचे जोड ठेवले, एकावर ३० चे गुळगुळीत टायर, की रोड बाईकही तीच. एन्ड्युरन्स रोड घेतलीस तर मातीच्या पहिल्या फाट्यावर हळहळशील.

---

चढउतार

उलटावारा यांच्याशी अर्धा सहमत. ज्याच्याकडे एकच सायकल असणार त्याला ग्रॅव्हलच सांगेन. पण रानवाटने लिहिलंय की एमटीबी राहणार आहे. मातीचा फाटा लागला की तिच्याकडे आधीच त्याहून चांगली सायकल आहे. घरात हार्डटेल असलेल्या माणसाला ग्रॅव्हलची गरज सगळ्यात कमी असते, आणि विकली मात्र त्यालाच जाते.

शिवाय तिला जो फरक हवाय तो ग्रॅव्हलमधे निम्माच मिळेल. ग्रॅव्हलचा व्हीलबेस लांब, हेड अँगल ७१ च्या आसपास किंवा त्याहून कमी, वळणात सावकाश. रोडचा ७२-७३. एमटीबीच्या ६५-६७ वरून आलेल्याला रोड बाईक सुरुवातीला 'चावरी' वाटते, हँडलला नुसता हात लागला तरी वळते. दोन-तीन राईडनंतर याच गोष्टीचं व्यसन लागतं.

दोन चाकांच्या जोडाबद्दल: कागदावर छान, प्रत्यक्षात रोटर (डिस्क ब्रेकची चकती) किंचित इकडेतिकडे बसतो, ब्रेक घासतो, मग मंडळी एकच जोड कायमचा ठेवतात.

---

उलटावारा

रोटरला पातळ शिम लावून दोन्ही जोड एका रेषेत आणता येतात. पण "एमटीबी आहेच" हा मुद्दा मान्य. रस्ते बरे असतील तर एन्ड्युरन्स घे. खड्ड्यांचे असतील तर माझं पहिलं उत्तर कायम.

---

दोनचाकी

एक बाळबोध शंका. २९ इंची एमटीबी आणि ७०० सी रोड, दोघांच्या रिमचा व्यास ६२२ मिमीच असतो असं वाचलं. मग एमटीबीचीच चाकं रोड फ्रेममधे घालून फक्त टायर बदलले तर?

---

तेलकट_बोटं

व्यास तोच, बाकी काही नाही. बूस्ट (रुंद हबच्या) एमटीबीचा पुढचा हब १५×११० (आसाची जाडी × हबची रुंदी, मिमीत), मागचा १२×१४८. रोड डिस्कचा पुढे १२×१००, मागे १२×१४२. फ्रेममधे बसणारच नाहीत. कॅसेटचंही तेच. १०-५१ ला वेगळी फ्रीहब बॉडी (हबचा कॅसेट बसते तो भाग) लागते, आणि रोडचा मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा) एवढी मोठी कॅसेट पेलत नाही.

उलट दिशेने मात्र हा ६२२ कामाचा आहे. रोड बाईक घेण्याआधी सध्याच्या एमटीबीवर पावणेदोन-दोन इंचाचे गुळगुळीत टायर चढव, फोर्क लॉक कर आणि तुझे ते ८० किमी मारून बघ. वेगाचा बराचसा फरक तिथेच मिळेल. त्यानंतरही मन रोड बाईकवरच राहिलं तर काय खटकलं ते नेमकं कळलेलं असेल: वारा, गिअर की हातांची एकच जागा. त्यावरून सायकल निवडणं सोपं.

---

रानवाट

हे केलंय तेलकट_बोटं! म्हणूनच इथे आले. टायरने खरंच फरक पडला. पण सपाट रस्त्यावर समोरून वारा आला की मी शिडासारखी. आणि ३२-१० वर उतारात पाय नुसते फिरतात, जोरच लागत नाही.

---

चढउतार

दोन्हींची उत्तरं आकड्यांत देतो.

वारा: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यासाठी लागणारी ताकद घनाने. ३० वरून ३३ किमी/तास, म्हणजे वेग दहा टक्के वाढवायचा तर फक्त हवेपोटी ३३ टक्के जास्त ताकद. म्हणून ७६० च्या हँडलवरून ४२० च्या बारवर आल्यावर जो फायदा होतो तो सायकलचं वजन किलोभर कमी केल्याने सपाट रस्त्यावर कधीच होणार नाही. कार्बन की अॅल्युमिनियम कितव्या नंबरवर, असं विचारलं होतंस. माझ्या यादीत फिट, टायरची जागा, सगळ्यात हलका गिअर आणि ब्रेक यांच्यानंतर. पुढचा फोर्क तेवढा कार्बनचा बघ. चांगल्या अॅल्युमिनियम फ्रेमवरही तो येतोच.

गिअर: मिनिटाला ९० फेरे धरले तर तुझ्या ३२-१० वर ४० किमी/तासाच्या आसपास वेग येतो. कॉम्पॅक्टच्या (पुढे ५०/३४ असलेल्या) ५०-११ वर ५१. उतारातलं पाय फिरणं संपलं. पण खालचं टोक बघ. ३२-५१ म्हणजे गुणोत्तर ०.६३. कॉम्पॅक्ट ३४ पुढे, ३४ मागे, म्हणजे १. मिनिटाला ६० फेऱ्यांनी एमटीबीवर ५ किमी/तासाने चढता येतं, रोडवर त्याच फेऱ्यांना साडेसात लागतात. म्हणजे खड्या चढावर एकतर तू जोरात जाणार किंवा पाय जड होणार. एमटीबीवाल्यांना रोडवर पहिला धक्का बसतो तो इथे, उतारावर नाही.

---

खोगीर

+१. म्हणून ५२/३६ आणि ११-२८ वाली कितीही झळाळती असली तरी हात लावू नकोस. किमान ३४-३४. शिमानोच्या बारा गिअरच्या '१०५' या ग्रुपसेटवर (गिअर आणि ब्रेकच्या संचावर) मागे ३६ ची कॅसेट चालते, स्रॅमच्या ४६/३३ ला १०-३६ मिळते, म्हणजे ०.९२. ग्रॅव्हलची ४६/३० क्रँक लावलेल्या काही एन्ड्युरन्स सायकली आहेत, त्या दिसल्या तर थांबून बघ.

१०५ चाच आग्रह मात्र नको. शिमानोचाच क्लारिस आठ, सोरा नऊ, टियाग्रा दहा गिअरचा. खालचे ग्रुपसेट काम चोख करतात. फरक दोन गिअरमधल्या उडीत आणि ब्रेकमधे पडतो. स्वस्त ग्रुपसेटबरोबर बहुतेकदा केबलचे डिस्क ब्रेक येतात. तुझ्या बोटांना हायड्रॉलिकची सवय असेल तर ते बोथट वाटतील. पैसे वाढवायचेच असले तर गिअरसाठी नको, हायड्रॉलिक ब्रेकसाठी वाढव.

---

रानवाट

पण पुढे दोन चेनरिंग... मी पुढचा डिरेलर सोडून इतकी वर्षं सुखात होते हो.

---

निवांत

मीही एमटीबीवरूनच आलेय, त्यामुळे हे दुःख कळतं. पण रस्त्यावर ग्रुपमधे जाताना पायांचा ठेका तोच ठेवायचा असतो, आणि १०-५१ सारख्या कॅसेटवर दोन गिअरमधे मोठी उडी असते. मातीत ती जाणवतही नाही, कारण तिथे ठेका दर दोन मीटरला तुटतोच. सपाट रस्त्यावर मात्र एक गिअर फार हलका, पुढचा फार जड, असं होत राहतं. बारा गिअरच्या ११-३४ वर छोट्या चक्रांच्या बाजूला ११, १२, १३, १४ असे एकेका दात्याने गिअर असतात. ते सुख चाखल्यावर पुढच्या डिरेलरला माफ करशील.

एवढंच की चेनरिंग चढ सुरू व्हायच्या आत बदलायची. पायावर पूर्ण जोर असताना डावा लिव्हर दाबला तर चेन कुरकुरते, प्रसंगी बाहेरही पडते.

पेडलबद्दल कुणी बोललंच नाही. एमटीबीवर एसपीडी क्लिप्स (दोन बोल्टच्या क्लीटने बूट अडकवणारे पेडल) असतील तर तेच पेडल आणि तेच बूट रोडवर लाव. तीन बोल्टच्या रोड क्लीटचा (बुटाखालच्या अडकवणीचा) पाया रुंद असतो, पण त्यात चालणं म्हणजे बदकाची चाल. ८० किमीत चार वेळा उतरणार असशील तर दोन बोल्टच बरे.

---

सपाट_रस्ता

टायरचा प्रश्न राहिलाय. माझं मत: २८ हा आता किमान, ३२ बसतील अशी फ्रेम घे. ३५ बसत असतील तर आणखी उत्तम. जुन्या रिम ब्रेकच्या फ्रेममधे पुष्कळदा २५ च्या पुढे जागा नसते, सेकंडहँड घेताना हे आधी विचार.

दाब. तू एमटीबीला २०-२५ पीएसआय ठेवत असशील. ३२ च्या टायरला सत्तर किलोच्या चालकासाठी ५५-६०, २८ ला सत्तरच्या आसपास. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तो भरायचा आकडा नव्हे. हुकलेस रिम (आत टायर अडकवणारी कड नसलेली) असेल तर ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, याच्या वर जायचंच नाही, आणि रिमला चालणाराच टायर लावायचा.

आणि खड्डे! एमटीबीवर दगड दिसला की आपण त्यावर चढवतो. रोडवर ती खोड मोडावी लागते. मागचं चाक सणकून आपटलं की ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं. कोपर सैल, बूड सीटवरून किंचित उचललेलं, खड्ड्याआधी ब्रेक सोडलेला. ही एमटीबीची शिकवण मात्र इथेही चालते, आणि जन्मभर रोडच चालवलेल्यांना ती येत नाही. तिथे तू पुढे असशील.

---

निवांत

उतारावर मात्र जपून. ड्रॉपर नाही, सीट उंच, त्यामुळे बूड मागे नेता येत नाही. वजन खाली न्यायचं ते ड्रॉप्समधे (बारच्या खालच्या वळणात) हात नेऊन आणि कोपरं वाकवून. एमटीबीवर आपण वळणात सायकल आडवी पाडतो आणि स्वतः ताठ राहतो. रोडवर सायकलबरोबर झुकायचं, बाहेरचा पाय खाली, जोर त्या पायावर. ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि वळणातली वाळू, ३२ चे टायर तिथे काही मदत करत नाहीत.

आणखी एक, छोटी फ्रेम घेणार असशील तर बघच: पेडल आडवं ठेवून हँडल वळवलं की बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का? लागलं तरी सायकल सदोष नव्हे, वेगात हँडल इतकं वळत नाही. सिग्नलपाशी हळू वळताना मात्र फसायला होतं.

---

तेलकट_बोटं

आणि ताबा घेण्याआधी पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते तपासून घे. काही देशांत उजव्या हाताला, काही देशांत डाव्या. एमटीबीवर जसा आहे तसाच इकडे लावून घे. दोन सायकलींवर दोन तऱ्हा ठेवल्या तर घाबरल्या क्षणी हात जुन्या सवयीने दाबणार.

सेकंडहँड बघत असशील तर: चेन घासलीय का ते गेजने बघ (अकरा-बारा गिअरला ०.५ टक्क्याला चेन बदलायची, जुन्यांना ०.७५), फोर्कची नळी किती कापलीय ते बघ, आणि कार्बन असेल तर बॉटम ब्रॅकेटभोवती आणि हेड ट्यूबखाली रंगावरची रेघ नखाने तपास. नख अडकलं तर सौदा सोड.

---

दोनचाकी

वाचनखूण साठवली. फ्लॅट बार रोड बाईक घेऊन नंतर ड्रॉप बार लावला तर? सवयीचा प्रश्न सुटेल.

---

तेलकट_बोटं

नको. शिफ्टर बदला, ब्रेक लिव्हर बदला, आणि लिव्हर बदलले की पुढचं सगळं: ड्रॉप बारचे लिव्हर केबल कमी ओढतात, व्ही-ब्रेक जास्त मागतात, तिथे जुळत नाही. हायड्रॉलिक असेल तर होसही नवे. शिवाय फ्लॅट बारची फ्रेम लांब बनवलेली असते, त्यावर ड्रॉप बार लावला की खोगीरने वर केलेली बेरीज आणखी बिघडते. फ्लॅट बार आवडत असेल तर तोच ठेवून आनंदात चालवावी.

---

रानवाट

मंडळी, अपडेट.

दोन्ही प्रकार लागोपाठ चालवून बघितले, एकाच उत्पादकाच्या. रेसवाली पहिली. हूड्सवर हात ठेवले की सगळं वजन अंगठ्याच्या बुंध्यावर येत होतं, आणि ब्रेकचा लिव्हर माझ्या पहिल्या पेरापर्यंतच पोहोचत होता. उतारात मी दोन्ही हातांनी ओढत होते, तरी सायकल थांबायचा विचार करत होती.

एन्ड्युरन्सवर स्टॅक तीन सेंटीमीटर जास्त. मान मोकळी, खांदे खाली. पण लिव्हर तिथेही लांबच. मग तिथल्या मुलीने हूडच्या रबराची कड उलटून आतला बारीक स्क्रू दाखवला. ती ॲलन की अर्धा-अर्धा फेरा फिरवत गेली, प्रत्येक वेळी मला बोट टेकवून बघायला सांगत. लिव्हर हँडलकडे सरकत आला आणि दुसरं पेर नीट वळायला लागलं. त्यानंतर ड्रॉप्समधून एका बोटाने ब्रेक लागला, अगदी एमटीबीसारखा. हूड्सवरून दोन बोटं लागतात.

चढावर ३४-३४ ने खरंच पाय जड झाले. चढउतार म्हणाले तसंच. मागे ३६ घालून देतील, असं बोलणं झालंय.

ठरलं ते असं: अॅल्युमिनियम एन्ड्युरन्स फ्रेम, कार्बन फोर्क, ५०/३४ आणि ११-३६, हायड्रॉलिक डिस्क, टायर ३२ चे आणि जागा ३५ पर्यंत. केबल डाउन ट्यूबमधून (तेलकट_बोटं, तुमच्यासाठी). स्टेम १०० चा होता, तो ९० चा करून घेतेय. पेडल माझेच.

शेवटचा प्रश्न: एमटीबी ट्यूबलेस आहे, त्याच्या प्रेमात आहे. इथेही लगेच करू का?

---

सपाट_रस्ता

अभिनंदन! रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसचे असतील तर कर, पण २५ पीएसआयला जी भोकं सीलंट (टायरमधला द्रव) चुटकीसरशी बुजवतं ती ६० ला बुजायला वेळ लागतो, तोवर दाब ४० पर्यंत पडलेला असतो. ३२ वर चालतं, २८ वर मी ट्यूबच ठेवतो. काहीही केलंस तरी एक ट्यूब आणि पंप बरोबर ठेव. एमटीबीचा छोटा हातपंप मात्र इथे नको. तो हवा ढीगभर ढकलतो पण ४० च्या पुढे हात थकतात. जास्त दाबाचा बारीक नळीचा पंप घे.

---

खोगीर

९० चा स्टेम बसला की फोटो टाक, बाजूने, हूड्सवर हात ठेवून. कोपराचा कोन बघून सांगतो. आणि फोर्कची नळी इतक्यात कापू देऊ नकोस, महिनाभर स्पेसर स्टेमच्या वर ठेवून चालव.

---

उलटावारा

३५ ची जागा आहे म्हणतेस. म्हणजे जवळजवळ ग्रॅव्हलच घेतलीस की.

---

रानवाट

उलटावारा, तुम्ही नाहीच ऐकणार. :) खोगीर, नळी तशीच ठेवायला सांगते. सायकल पुढच्या आठवड्यात हातात येईल, फोटो इथेच टाकते.